धूर, शीळ आणि ठोका: जुनी डिझेल इंजिने काय सांगत असत

प्रश्न असा विचारला गेला आहे की, मालगाड्या ओढणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनांचा आवाज, धूर आणि वास यांच्याविषयी माणसे इतकी हळवी का होतात, त्या आवाजात नेमके काय होते, आणि तो आता कुठे ऐकायला मिळेल का. मी १९८४ मध्ये डिझेल असिस्टंट म्हणून रुजू झालो आणि २०१८ मध्ये मालगाडीचा लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी पुणे–मिरज आणि पुणे–दौंड या मार्गांवर गेली. त्यामुळे हे उत्तर मी कॅबमध्ये बसलेल्या माणसाच्या बाजूने देत आहे. फलाटावर किंवा शेताच्या बांधावर उभे राहून ज्यांनी ही इंजिने ऐकली, त्यांच्या आठवणी माझ्याहून वेगळ्या असतील आणि त्याही तितक्याच खऱ्या आहेत.

माझे उत्तर थोडक्यात असे की, तो आवाज म्हणजे बातमी होती. इंजिन किती ओझे ओढत आहे, त्याला हवा पुरते आहे की नाही, एखादे सिलिंडर आजारी आहे का, मागच्या दुसऱ्या इंजिनाने काम सोडले आहे का, हे सगळे ड्रायव्हरला आधी कानाने कळत असे आणि मागाहून काट्यावर दिसत असे. ज्या आवाजावर आपला आणि गाडीचा जीव अवलंबून असतो तो आवाज माणूस विसरत नाही. घाटाखालच्या गावांतील लोकांनाही तो अर्थ वर्षानुवर्षांच्या सवयीने कळू लागला होता. आज गाडी जड आहे, आज गाडी अडली, हे ते अंथरुणात पडल्या पडल्या ओळखत.

आधी इंजिनाची ओळख करून देतो. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘डिझेल’ म्हटले गेले ते बहुतांशी डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन होते. नावातील डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही कामांचे. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील आल्को कंपनीने १९६२ मध्ये पहिली इंजिने पाठवली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तीच आपल्याकडे तयार होऊ लागली. १६ सिलिंडर, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात दोन ओळींत बसवलेले, चार स्ट्रोकचे, टर्बोचार्जर लावलेले, २,६०० अश्वशक्तीचे आणि ११२.८ टन वजनाचे असे हे यंत्र होते. मूळ कंपनीने १९६९ मध्येच इंजिने बांधणे थांबवले, पण तिचा हा नमुना वाराणसीत पुढे चार दशकांहून अधिक काळ सुधारत राहिला. १९९५ मध्ये खास मालगाड्यांसाठी ३,१०० अश्वशक्तीचे आणि १२३ टनांचे डब्ल्यूडीजी-३ए आले. त्याचे हृदय तेच होते. म्हणून आजोबांनी ऐकलेला आणि नातवाने ऐकलेला आवाज एकाच घराण्याचा होता, आणि या आठवणीला जी खोली आहे ती मला वाटते यातूनच आली आहे.

आता आवाजाकडे येतो. हे इंजिन थांबलेल्या गाडीवर मिनिटाला ४०० फेऱ्यांनी चालत असे. चार स्ट्रोकच्या यंत्रात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेते. म्हणजे १६ सिलिंडरांचे मिळून मिनिटाला ३,२०० पेट, सेकंदाला त्रेपन्नच्या आसपास. इतके ठोके कानाला वेगवेगळे कळत नाहीत आणि त्यांची एक सलग घरघर होते. मग जो प्रसिद्ध ‘ढग-ढग-ढग’ ऐकू येई तो कुठला? माझे उत्तर असे आहे की सोळाच्या सोळा सिलिंडर कधीच अगदी सारखे नसतात. एखाद्यात इंधन किंचित जास्त पडते, एखाद्याची झडप थोडी सैल असते. ते एक सिलिंडर मिनिटाला २०० वेळा, म्हणजे सेकंदाला तीनपेक्षा थोडे अधिक वेळा पेटते, आणि त्याचा वेगळेपणा त्या घरघरीच्या वर एखाद्या तबलजीच्या बोटासारखा उठून दिसतो. म्हणूनच दोन इंजिनांचा ठोका कधी एकसारखा नसे. रात्री रनिंग रूममध्ये पडलेलो असताना बाहेर लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, कोणते इंजिन येऊन उभे राहिले, हे त्या मार्गावरचे जुने ड्रायव्हर क्रमांक न पाहता सांगत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे.

इंजिनांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये हेच ज्ञान उलट्या दिशेने वापरले जाई. ठोका जास्तच लंगडा वाटला की फिटर एकेका सिलिंडरच्या इंधनपंपाचा रॅक, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी दांडी, हाताने बंद करून पाही. चांगल्या सिलिंडरचा रॅक बंद केला की आवाज बदलतो, इंजिन क्षणभर खचते. ज्याचा रॅक बंद करूनही आवाजात काही फरक पडत नाही ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हते, हे उघड होते. आमच्याकडे एक वयस्क फिटर होते. लांब पेचकसाचे टोक इंजिनच्या अंगावर आणि मूठ कानावर टेकवून ते डोळे मिटून उभे राहत. डॉक्टर छाती तपासतो तसे ते दृश्य असे, आणि आसपासचे सगळे आपोआप गप्प होत. त्यांच्या कानाला कळलेला बिघाड उघडल्यावर खोटा निघाल्याचे मी पाहिलेले नाही.

ड्रायव्हरच्या हाताशी ताकद वाढवण्याच्या दांड्याचे आठ टप्पे, म्हणजे नॉच, असत. पहिल्यापासून आठव्यापर्यंत इंजिनच्या फेऱ्या ४०० वरून १,००० पर्यंत चढत. ऐकणाऱ्याने इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गंमत त्यात आहे. फेऱ्या वाढणे वेगळे आणि लोड घेणे वेगळे. फेऱ्या वाढल्या की आवाज उंच होतो. लोड घेतले की आवाज जड होतो, खाली बसतो, त्याला पोटातून आल्यासारखा भरीवपणा येतो. नॉच वाढवला, सूर चढला, पण आवाज पोकळच राहिला, तर समजावे की इंजिन नुसतेच पळते आहे, त्याने फिरवलेल्या जनरेटरकडून चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटारींकडे वीज जात नाही. आमच्या भाषेत ‘इंजिन लोड घेत नाही’. हे कॅबमधल्या लोड मीटरवरही दिसते, परंतु एकामागे एक दोन इंजिने जोडून एकाच कॅबमधून चालवताना पुढचे मीटर फक्त पुढच्याच इंजिनाची गोष्ट सांगते. मागच्याची गोष्ट कानाने ऐकावी लागे.

याचा मला आलेला अनुभव सांगतो. पुण्याहून मिरजेकडे जाताना आळंदी स्थानकानंतर शिंदवणे घाट लागतो. ही आळंदी म्हातोबाची, माउलींची नव्हे. खताने भरलेला रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी रांग, पुढे दोन डब्ल्यूडीएम-२, रात्रीचे दोन वाजलेले, आणि मी नवखा असिस्टंट. घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हरसाहेबांनी नॉच चढवत नेले. आठव्या नॉचवर दोन्ही इंजिनांचा आवाज मिळून एक दाट, खोल गर्जना होत होती. ते खिडकीतून डोके बाहेर काढून, मान मागे वळवून बसले होते. मला वाटले, मागच्या डब्यांकडे पाहत आहेत. अंधारात डबे दिसतच नव्हते. अचानक ते म्हणाले, “मागचं सुटलं रे. पळ, बघून ये.” मला काहीही वेगळे ऐकू आले नव्हते, पुढचे लोड मीटरही जागेवर होते आणि घंटीही वाजली नव्हती. मी इंजिनाच्या कडेच्या अरुंद फळीवरून, कठडा धरून, मागच्या इंजिनावर गेलो. तिथे इंजिन पूर्ण फेऱ्यांनी फिरत होते, पण लोड मीटरचा काटा शून्यावर पडलेला. इतका वेळ जी गर्जना मी ऐकत होतो, त्यातला निम्मा भाग पोकळ झाला होता आणि तो त्यांनी पन्नास-साठ फुटांवरून, स्वतःच्या इंजिनाच्या धडधडाटातून, वाऱ्यात ओळखला होता. सुटलेला रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा खटका, परत बसवून ते इंजिन पुन्हा लोडवर आले तेव्हा आवाज जसा खाली बसला, तो मला आजही ऐकू येतो. त्या रात्रीनंतर मीही खिडकीबाहेर मान काढून बसू लागलो.

डब्ल्यूडीएम-२ च्या बाबतीत आणखी एक खूण होती. मोटारींची जोडणी वेग वाढेल तशी बदलत असे, आणि त्या बदलाला ट्रान्झिशन म्हणत. सपाट मार्गावर गाडी वेग घेत असताना इंजिनची गर्जना एकदम उतरे, क्षणभर श्वास रोखल्यासारखी शांतता होई, रिलेंचा खटखटाट येई आणि पुन्हा लोड भरे. दूरवर उभे राहून ऐकणाऱ्याला वाटे ड्रायव्हरने काहीतरी केले. त्याने काहीच केलेले नसे. गाडीने एक वेग ओलांडल्याची ती खूण होती. चढावर वेग कमी होताना हाच प्रकार उलट्या क्रमाने घडला की ड्रायव्हरच्या पोटात गोळा येई, कारण गाडी अडण्याच्या दिशेने निघाली असा त्याचा अर्थ होता.

शीळ टर्बोची. इंजिनच्या बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरणारे हे चक्र इंजिनात हवा कोंबते. लोड जसे वाढेल तसे ते वेगाने फिरते आणि त्याची शीळ उंच होत जाते. परंतु नॉच वाढवला की इंधन लगेच वाढते, आणि टर्बोला वेग घ्यायला मात्र काही क्षण लागतात. त्या मधल्या क्षणांत इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून अर्धवट जळालेल्या काजळीचा काळा लोट छतातून उसळतो. मालगाडी स्थानकातून निघताना जो काळा खांब आकाशात चढताना लोकांनी पाहिला, छायाचित्रे काढली, तो इंजिनच्या श्वासाचा आणि भुकेचा मेळ न बसल्याचा पुरावा होता. टर्बो वेगात आला की धूर विरळ होई आणि त्याच वेळी शीळ वर चढलेली असे. धूर उतरणे आणि शीळ चढणे एकत्र पाहिले-ऐकले की इंजिन निरोगी आहे असे समजायचे. शीळ चढूनही धूर काळाच राहिला, तर टर्बो किंवा इंजेक्टर यांची चौकशी करायची.

धुराचे रंगही आम्हाला शिकवले जात. काळा म्हणजे हवा कमी पडते. निळसर म्हणजे वंगणतेल जळते आहे. थंड इंजिन सुरू झाल्याबरोबरचा पांढरा धूर चालतो, पण तापलेल्या इंजिनातून सतत पांढरे येत राहिले तर कुठूनतरी पाणी आत शिरते आहे. वासालाही असाच अर्थ होता: डिझेलचा कच्चा वास, तापलेल्या वंगणाचा गोडसर जड वास, आणि उतारावरून खाली आल्यावर ब्रेकच्या ठोकळ्यांचा करपट लोखंडी वास. लाईन बॉक्समध्ये, म्हणजे ड्युटीवर नेायच्या पेटीत, शिदोरीच्या फडक्यात, गणवेशाच्या शिवणीत हे वास मुरलेले असत. घरच्या माणसांनाही मी कुठल्या फेरीवरून आलो ते वासाने कळे, असे माझी पत्नी सांगते.

उतारावरचा आवाज तर अनेकांना माहीतच नसतो, आणि मला तो सर्वांत जास्त आवडे. ज्या इंजिनांना डायनॅमिक ब्रेक होता त्यांत उतारावर मोटारी उलट काम करून वीज तयार करीत आणि ती वीज मोठ्या रोधकांच्या जाळीत उष्णता म्हणून जाळली जाई. त्या जाळीला थंड ठेवणारा पंखा त्याच विजेवर फिरे. म्हणून गाडी जितका जोर मागून लावेल तितका तो पंखा जोराने घोंगावे. इंजिन स्वतः शांत आणि त्यावर हा उंच, सलग, वाऱ्यासारखा घोंगाट. आदर्की घाटातून मिरजेकडून पुण्याकडे येताना सालप्यापर्यंत तो साथ देई. डब्ल्यूडीजी-३ए आल्यावर हा आवाज आमच्या मार्गावर अधिक ऐकू येऊ लागला. घोंगाट एका पट्टीत राहिला म्हणजे गाडीचा वेग बांधलेला आहे. तो चढू लागला की हात ब्रेककडे जायला हवा.

रेडिएटरच्या पंख्याचाही असाच एक स्वतंत्र आवाज होता. पाणी ठरावीक तापमानाला गेले की क्लच लागून मोठा पंखा इंजिनाशी जोडला जाई आणि छतातून एकदम भोवऱ्यासारखा हुंकार उठे. उन्हाळ्यात दौंडच्या बाजूला उभ्या गाडीवरही तो मधूनमधून लागत आणि सुटत राही. फलाटावर झोपलेली माणसे दचकत, आणि आम्हाला मात्र तो ऐकून बरे वाटे, कारण तो न लागणे म्हणजे थोड्याच वेळात इंजिन तापल्याची घंटी.

मालगाडीचा आवाज म्हणजे नुसते इंजिन नव्हे, हेही सांगायला हवे. मी लागलो तेव्हा व्हॅक्यूम ब्रेकच्या चार चाकी वाघिणी बऱ्याच होत्या. निघताना कपलिंगचा ताण एकेका वाघिणीतून मागे सरकत जाई आणि तो खणखणाट इंजिनपासून गार्डच्या डब्यापर्यंत धावत गेलेला ऐकू येई. तो शेवटपर्यंत पोहोचल्याचे कळले की गाडी अखंड निघाली याची खात्री पटे. रूळही तेव्हा पुष्कळ ठिकाणी १३ मीटरचे, फिशप्लेटने जोडलेले होते. सांध्यांवरचा टकटक आवाज मोजून वेग काढता येतो: ४७ सेकंदांत जितके सांधे ओलांडाल तितका ताशी किलोमीटरमध्ये वेग. मीटर बिघडलेल्या इंजिनावर हा हिशेब मी घड्याळ हातात धरून केलेला आहे. पुढे एअर ब्रेकच्या बॉक्सएन या उघड्या, मोठ्या वाघिणी आल्या. ५८ वाघिणींचा भरलेला रेक सुमारे ४,७०० टनांचा होतो, आणि त्यांच्याबरोबर लांब जोडलेले रूळही आले. ती टकटक हळूहळू गेली. त्याचे दुःख मला आहे, पण ते रूळ चाकांसाठी आणि आमच्या पाठीसाठी फार चांगले होते.

चढावर अनेक इंजिने एकत्र काम करताना ऐकायचे असेल तर त्याला गोव्याच्या सीमेवरचा ब्रागांझा घाट ही जागा होती. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यात ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र चढ आहे. मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन वर येणाऱ्या गाडीला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे इंजिने लावत. मी तिथे कामावर नव्हतो, रजेवर पाहुणा म्हणून दोनदा गेलो. दूधसागरच्या बाजूला दरीत बसले की गाडी दिसण्याच्या बराच आधी पुढच्या इंजिनांचा आवाज येई, मग तो बोगद्यात गिळला जाई, मग मागून ढकलणाऱ्यांचा आवाज दरीतून वर येई. दोन्ही टोकांचे ड्रायव्हर एकमेकांना पाहू शकत नसत. ठरलेल्या शिट्ट्यांनी ते बोलत, आणि त्यापेक्षाही जास्त एकमेकांच्या इंजिनांच्या आवाजाने. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाक घसरले की गर्जना मध्येच भरकटे, वाळू पडल्यावर पुन्हा पकड बसे. एवढ्या मोठ्या गाडीला चढवणाऱ्या माणसांचे कौशल्य मला त्या दरीत बसून जितके कळले तितके कॅबमध्ये बसून कधी कळले नव्हते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, हे सगळे नव्या इंजिनांत का नाही. १९९९ पासून आलेले डब्ल्यूडीजी-४ हेही डिझेलच आहे, ४,००० अश्वशक्तीचे, पण त्याचे घराणे जनरल मोटर्सचे. ते दोन स्ट्रोकचे आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर प्रत्येक फेरीत पेटते आणि आवाज अधिक सलग, गुणगुणल्यासारखा येतो. त्याचा टर्बो कमी वेगावर दातेरी चक्रांनी इंजिनाकडूनच फिरवला जातो, म्हणून निघताना हवा कमी पडत नाही आणि काळा लोटही फारसा उठत नाही. चाक घसरण्याच्या आतच संगणक ताकद कमी करतो. ड्रायव्हरने कानाने ओळखून हाताने करायच्या बऱ्याच गोष्टी यंत्र स्वतः करते. विजेच्या इंजिनात तर ज्वलनच नाही. पंख्यांचा वारा असतो, विजेच्या उपकरणांची गुणगुण असते, आणि ओझे पाचशे टन असो की पाच हजार, तिच्यात फारसा फरक पडत नाही. बातमी आता पडद्यावर अक्षरांत येते. ती अधिक अचूक असते, हे मी स्वतः दोन्ही प्रकार चालवून सांगतो.

जुन्या इंजिनांची किंमत काय होती तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे उत्तर अपुरे राहील. लोड नसताना नुसते उभे राहूनही ते इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल पीत असे, आणि बॅटरी कमकुवत असल्याच्या भीतीने आम्ही ते तासन्‌तास बंद करत नसू. लूपवर रात्रभर चालू ठेवलेल्या इंजिनाच्या ज्या घरघरीची लोक आठवण काढतात तिचा खर्च देशाला पडत होता. बोगद्यात कॅब धुराने भरे आणि ओला रुमाल तोंडावर धरावा लागे. मे महिन्यात कॅबमध्ये बसणे म्हणजे भट्टीशेजारी बसणे होते. माझ्या दोन्ही कानांची उंच सूर ऐकण्याची शक्ती कमी झालेली आहे. टर्बोची शीळ, जिच्यावर मी इतके लिहिले, ती आज ध्वनिमुद्रणात मला पूर्ण ऐकू येत नाही. नातीला विचारावे लागते. माझ्याबरोबरच्या अनेकांची हीच स्थिती आहे. तरीही त्या इंजिनांवरचे माझे प्रेम कमी झालेले नाही, कारण त्यांनी मला जे शिकवले ते दुसऱ्या कशाने शिकवले नसते.

बदल फार वेगाने झाला. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा मालवाहू ट्रक घेऊन जाणाऱ्या रो-रो गाड्या तोवर डिझेलवर धावत आणि रत्नागिरीकडच्या बोगद्यांत त्यांचा आवाज घुमे. मध्य रेल्वेचे सगळे ब्रॉडगेज मार्ग फेब्रुवारी २०२३ मध्ये तारांखाली आले. वाराणसीच्या त्याच कारखान्याने डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांची जोडी घेऊन तिचे १०,००० अश्वशक्तीच्या विद्युत इंजिनात रूपांतर केले, आणि २०१९ मध्ये ते रुळावर आणले. ते छायाचित्र पाहिले तेव्हा मला वाईट वाटले नाही. चौकट तीच, चाके तीच, आतला श्वास तेवढा बदललेला. आपल्या माणसाने कामाचे स्वरूप बदलून नोकरी चालू ठेवावी, तसे ते वाटले.

शेवटचा भाग, आज हा आवाज कुठे ऐकायचा. नियमित मालगाडीच्या पुढे आल्को इंजिन भर लोडवर दिसणे आपल्या भागात दुर्मीळ झाले आहे. यार्डातील शंटिंग, रुळांच्या देखभालीच्या गाड्या, तारांचा पुरवठा बंद ठेवून चालणारी कामे आणि अपघात मदत गाड्या यांवर ती अजून भेटतात. काही कारखान्यांच्या खासगी साइडिंगवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या रुळांवर, याच घराण्याचे सहा सिलिंडरांचे शंटर, म्हणजे डबे हलवणारी छोटी इंजिने, आहेत. त्यांचा ठोका अधिक सुटा असतो, आणि नवख्या कानाला शिकण्यासाठी तो उत्तम, कारण त्यात सिलिंडर जवळजवळ मोजता येतात. संग्रहालयातील इंजिन पाहण्यासारखे असते, पण ते बोलत नाही.

ज्यांना ध्वनिमुद्रण करायचे आहे त्यांना माझी एक विनंती आहे. हल्लीची बहुतेक मुद्रणे गाडी जवळून धडधडत गेली की संपतात, आणि त्यांत शिट्टीच जास्त असते. रेल्वेच्या हद्दीबाहेर, सुरक्षित जागी, चढाच्या मध्यावर उभे राहा. गाडी दिसण्याच्या आधीपासून यंत्र चालू ठेवा आणि ती गेल्यावरही तिचा आवाज विरेपर्यंत बंद करू नका. सोबत लिहून ठेवा: इंजिनचा क्रमांक, किती इंजिने, रेक भरलेला की रिकामा, चढ की उतार, रूळ ओला की कोरडा. या नोंदी असतील तर माझ्यासारखा माणूस त्या मुद्रणातून इंजिनची तब्येत सांगू शकेल, आणि आम्ही नसताना दुसरा कोणी ते शिकू शकेल.

आणि कधी एखाद्या शेडच्या किंवा साइडिंगच्या माणसांनी परवानगी देऊन तुमच्यासमोर इंजिन बंद केले, तर तेव्हाही घाई करू नका. इंधन तुटल्यावर सिलिंडरांचा ठोका दोन-चार अडखळत्या धक्क्यांत थांबतो आणि लोकांना वाटते, संपले. त्यानंतर टर्बो एकटाच फिरत राहतो. त्याची शीळ हळूहळू उतरत जाते, आणि शेडमधला माणूस घड्याळ पाहत तिचे सेकंद मोजत उभा असतो, कारण ती ठरल्या वेळेआधी तुटली तर बेअरिंग घासते आहे. ती पूर्ण थांबेपर्यंत मुद्रण चालू राहू द्या.